वाणातली खसखस

कुणाचेही आईवडील भारतातून कुवेतला यायचे ठरले, की त्यांचा नंबर आधी माझ्याकडे येतो. हे काम मला कुणी दिलेलं नाही, पगार तर नाहीच. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात गच्चीवरून समोरच्या सरकारी इमारतीचा फोटो काढत होते, तर खाली उभा असलेला पोलीस हात हलवायला लागला. मला वाटलं, माणूस ओळख दाखवतोय. मीही हात हलवला. त्या दिवशी दिनकरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हॉस्पिटलमध्ये दुरुस्तीला घेतलेली मशीन उघडी टाकून धावत यावं लागलं, आणि कॅमेऱ्यातला रोल पोलिसाकडेच राहिला.

तेव्हापासून मी सांगत सुटते. हल्ली व्हॉइस मेसेज पाठवते. काका, बीपीच्या गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, पाकीट तसंच ठेवा आणि वर डॉक्टरांची चिठ्ठी. काकू, विमानतळावर व्हीलचेअर मागून घ्या, पाय धडधाकट असले तरी, ढकलणारा माणूस बरोबर रांगेतून नेतो. कुणी म्हणालं, एवढी पिशवी माझ्या भावाला द्या, तर तो तुमच्याच आळीतला असला तरी घेऊ नका. दुपारी बाहेर पडायचं नाही. परक्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत. रमजान असेल तर रस्त्यात पाण्याची बाटली तोंडाला लावायची नाही. इथं एका दिनाराचे हजार फिल्स होतात, शंभर नव्हे, दुकानात घोळ घालू नका. आणि खसखस आणायची नाही. इथं ती अफूच्या खात्यात धरतात.

यावर प्रत्येक जण विचारतो, खसखस म्हणजे आपली खसखस?

हो, आपलीच. मी इतकी वर्षं कालवणाच्या वाटणात खसखशीऐवजी मगजबी घालतेय.

या उन्हाळ्यात माझी आईच यायची ठरली. आई उदगीरला भावाकडे असते, शामलाबाई म्हटलं की आख्खी गल्ली घर दाखवते. तिचं यायचं कारण दिनकर. आमच्याकडे अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. सुमारे तीन वर्षांनी येतो, आणि त्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वर तेहतीस अनारशांचं वाण देतात, दिवा लावून. आमच्या लग्नानंतर असे किती महिने होऊन गेले, पण दर वेळी दिनकरांची रजा नाही, नाहीतर तिकीट महाग, नाहीतर आमच्या लेकीची, स्वराची परीक्षा. आई दर वेळी फोनवर एकच बोलायची, "लोक विचारतेत, शामलाबाई, तुम्हाला जावई हाय का नुसता फोटो हाय."

यंदा तिनं विचारलंच नाही. भावाला पासपोर्ट काढायला लावला आणि मला कळवलं, "त्याला सवड नाही तर मी येते वाण घेऊन. फुडच्या धोंड्याला मी असंन का नसंन."

मग तिच्यासाठी माझे मेसेज सुरू झाले. ती ते ओसरीवर मोठ्यानं लावायची, शेजारणींना ऐकवायची, आणि प्रत्येकाला उत्तर पाठवायची. व्हीलचेअरवर म्हणाली, "मी काय लंगडी हाय?" फोटोवर म्हणाली, "मला कुठं काढता येतो." दुपारच्या उन्हावर म्हणाली, "उदगीरला काय बर्फ पडतो?" शेवटी वैतागून म्हणाली, "हे नको ते नको, मग मी तिथं येऊन बसू कुठं, तेवढं सांग."

"आई, खसखस मात्र लक्षात ठेव."

"ठेवली गं. मसाल्याच्या डब्यातली पुडी काढून तुझ्या वहिनीच्या हातात दिली. बस?"

मला बरं वाटलं. मी ते काम मनातून काढून टाकलं.

ती यायची होती तो शुक्रवार. दिनकरांना सुट्टी, स्वराचं कॉलेज बंद. हैदराबादचं विमान सकाळी उशिरा उतरणार होतं. उदगीरहून हैदराबाद जवळ पडतं, म्हणून मुकेश, माझा भाऊ, तिला तिथून बसवून देणार होता. मी पहाटेपासून ओट्याशी होते. पुरण झालं, कुकरची भांडी लावून ठेवली, आईच्या खोलीतली चादर दोनदा बदलली. पहिली चादर फार नवी वाटली, दुसरी फार जुनी. दिनकर आईला मामी म्हणतात. म्हणाले, "मामी झोपायला येतायत की चादरी बघायला?" आमच्या वाटेत येऊ नये म्हणून स्वरा सोफ्यावर पाय वर घेऊन फोन बघत बसली होती.

"आई, अक्षरानं फोटो टाकलाय. आजीचं पॅकिंग. सो क्यूट."

अक्षरा म्हणजे मुकेशची मुलगी. फोटोत आई स्वयंपाकघरात खाली बसली होती, समोर स्टीलचा मोठा डबा, डब्यात गोलगोल रचलेले अनारसे. मी हात पुसून फोन घेतला. जाळी काय पडली होती. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाळवायचे, कुटायचे, गुळात मुरवायचे, आणि एवढं करून तो तुपात विरघळायचा असेल तर विरघळतोच. आईचा नाही विरघळत. मी फोटो बोटांनी मोठा केला. सगळ्या अनारशांची पांढरी बाजू वर होती.

मी तशीच उभी राहिले.

अनारसा थापतात तो खसखशीवर. पोळपाटाला चिकटत नाही, तळताना ती बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही. ते आईनं मला परकर नेसत होते तेव्हापासून शिकवलंय. पण अनारसा बघून कुणी म्हणत नाही की ही खसखस आहे. तो अनारसा असतो. खसखस असते ती पुडीत. पुडी आईनं वहिनीकडे दिली होती, आणि देण्याआधी त्यातलीच पोळपाटावर पसरली असणार. आणि मी, सगळ्या कुवेतला शहाणपण वाटणारी, मीसुद्धा पुडीच म्हणत होते.

मुकेशला फोन लावला.

"विमान कधीच गेलं गं. बसवलं मी. खुशीत होती."

"अनारशाचा डबा कुठल्या बॅगेत आहे?"

"हातातल्या. खाली दिला तर चुरा होईल म्हणाली. मांडीवर घेऊन बसते म्हणाली. काय झालं?"

मी सांगितलं. मुकेशनं मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "पण ते अनारसे हायेत ना, ताई." मला तेच ऐकायला येईल हे माहीत होतं.

स्वरानं तोवर फोनवर शोधायला घेतलं होतं. "आई, इट सेज, अगदी थोडी असली तरी केस होऊ शकते. एकाला दुसऱ्या कुठल्यातरी देशात..."

"स्वरा, बंद कर ते," दिनकर म्हणाले. त्यांचा आवाज चढत नाही, उलट बसतो. त्या दिवशी पार तळाला गेला होता. आईचा व्हिसा त्यांच्या नावावर काढलेला, काही झालं तर जाब त्यांनाच. ते गाडीची किल्ली शोधायला लागले. किल्ली त्यांच्याच हातात होती.

आमच्या अब्बासियापासून विमानतळ म्हणजे हाकेच्या अंतरावर. आमच्या बिल्डिंगीवरून विमानं इतकी खाली उतरत जातात, की दिवसभर आम्ही वाक्य अर्धं सोडून थांबतो आणि विमान गेल्यावर पुढचं बोलतो. त्या सकाळी प्रत्येक विमानाला मी खिडकीतून मान वाकडी करून बघत होते. जणू आई खिडकीत बसून दिसणार होती. गाडीत स्टिअरिंगला हात लाववत नव्हता इतकं तापलं होतं. दुकानं बंद होती, शुक्रवारची सामसूम, एक कंपनीची बस तेवढी सिग्नलला आमच्या शेजारी उभी होती, आत माणसं काचेला डोकं टेकून झोपलेली.

"हे बघ," दिनकर म्हणाले, "शंभरातले नव्वद लोक सरळ बाहेर येतात. बॅग मशीनमधून जाते, मशीनला डबा दिसतो, डब्यात खाऊ. रोज किती डबे येत असतील."

"आणि उघडला तर?"

"उघडला तर मिठाई आहे."

"आणि विचारलं, वर काय लावलंय?"

मागून स्वरा म्हणाली, "आजीला फोन लागला तर ती अनारसे टॉयलेटमध्ये टाकून देऊ शकते ना?"

आम्ही दोघं एकदम मागं वळलो. दिनकरांनी गाडी तरी चालवायला हवी होती.

"जावयाचं वाण?" मी म्हटलं. "तुझी आजी एक वेळ स्वतः विमानातून उडी मारेल."

विमान उतरल्याचं बोर्डावर आलं तेव्हा आम्ही कठड्यापाशी उभे होतो. आईचा फोन बंद. साधा फोन, इथलं सिम नाही. मी लावत राहिले. लावायचा, रेकॉर्डवरची बाई हिंदीतून बोलायची, तोडायचा, परत लावायचा. मधेच मी कॉफीच्या दुकानापर्यंत जाऊन यायचे, मधेच खांबाला वळसा घालायचे. एक गोरा म्हातारा मला बघून आपली बॅग बाजूला घ्यायला लागला, वाटेत येतेय म्हणून.

हैदराबादची माणसं यायला लागली. एका नर्ससारख्या दिसणाऱ्या मुलीला मी गाठलं. आत तपासतायत का?

"नहीं आंटी, सीधा आ गए. किसी को नहीं रोका."

दिनकरांनी माझ्याकडे पाहिलं. बघ, अशा अर्थानं.

आणि तेवढ्यात आतून एकजण बाहेर आली. गणवेशातली मुलगी, डोक्यावर काळा रुमाल घट्ट बांधलेला, कॉफी घ्यायला निघालेली. छातीवरची पट्टी मी अक्षरं जोडत वाचली, युसरा. मी शाळा फार शिकले नाही. अरबी तर मी जमियात, म्हणजे इथल्या सहकारी दुकानात भाजी घेताना आणि दवाखान्याच्या बाकांवर बसून शिकले. बोलण्यापुरती येते, वाचण्याची घाई केली तर चुकते. पण खाली लिहिलेलं 'जमारिक' मला नीट कळलं. कस्टम.

मी दोन पावलं पुढं टाकली. दिनकरांनी माझं कोपर धरलं.

"कमल, काय करतेस? लोक सरळ येतायत."

"आई सरळ येणारी बाई नाही."

"म्हणजे?"

"तिच्या डब्याकडे कुणी नुसतं बोट दाखवलं ना, हे काय म्हणून, तर ती झाकण काढून म्हणेल, घे बाई, एक खा. आणि ती बाई खाईल किंवा नाही खाणार, पण बघणार. मग आई तिला कसा करायचा तेही सांगेल."

दिनकरांच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच मोडलं. त्यांनी सासू बघितली होती.

"आणि नाहीच दाखवलं बोट, तर? तू जाऊन सांगितल्यावर तर उघडणारच. स्वतःच्या आईला तूच..." पुढचं मला न बोलताच ऐकू आलं.

हाच पेच होता. गप्प बसावं तर आई कदाचित आणखी दहा मिनिटांत इथं असेल, कदाचित आत एकटी, भाषा नाही, माणूस नाही, पुढ्यात उघडा डबा. बोलावं तर तिला नक्की अडवणार, आणि अडवणारी मी. दोन्हीकडून आईच.

युसरा कॉफीचा कप घेऊन परत निघाली. मी कोपर सोडवून घेतलं.

सलाम केला. म्हटलं, बहिणी, माझी आई हैदराबादच्या विमानानं आली आहे. म्हातारी आहे, पहिल्यांदाच आली. तिला फक्त मराठी येतं. तिच्याकडे घरची मिठाई आहे, आमच्या सणाची, जावयासाठी. त्यावर बी लावलेलं आहे.

"सिमसिम?" युसरानं सहज विचारलं. तीळ?

उत्तर तिनं मला आयतंच दिलं. मान हलवली असती तर ती हसून निघून गेली असती. तीळ या देशात ज्याच्या त्याच्यावर असतात, पावावर, मिठाईवर. तिच्या कपातून वाफ निघत होती आणि ती माझ्याकडे काही संशयानं बघत नव्हती. मागं दिनकर श्वास रोखून उभे होते हे मला न बघता कळत होतं.

"ला," मी म्हटलं. नाही. "खश्खाश."

आपल्या शब्दाचा हा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या चेहऱ्यावरची सुट्टी संपली. किती, तिनं विचारलं. एक डबा. पुडी नाही? पुडी नाही. आईला माहीत आहे? आईला वाटतं, तो खाऊ आहे. आम्हाला सगळ्यांनाच वाटतं.

नाव विचारलं. मी सांगितलं. इथंच थांबा, म्हणाली, आणि कॉफी तशीच हातात धरून आत गेली. दार तिच्या मागं सरकून बंद झालं.

स्वरा रडायच्या बेतात होती. "तू आजीचं नाव दिलंस?"

"दिलं."

"मम्मा, व्हाय? ती आलीच असती."

ती मला मम्मा फक्त फार चिडल्यावर म्हणते. दिनकर निघून गेले, आणि पाण्याची बाटली घेऊन आले, आणि ती मला द्यायची विसरून स्वतःच प्यायले. मग आम्ही तिघं तीन दिशांना उभे राहिलो. दार उघडलं की मी पुढं व्हायचे. कुटुंबं यायची, ट्रॉल्या यायच्या, कुणी कुणाच्या गळ्यात पडायचं. बंद व्हायचं. मी मनात आईशी बोलत होते, आई, कुणाला काही देऊ नकोस खायला, काही बोलू नकोस, खाली बस. मग वाटलं, बोल बाई, बोलत राहा, तू गप्प झालीस तर मला भीती वाटेल. हैदराबादचं नाव बोर्डावरून गेलं. त्याच्या जागी दुसऱ्या गावाचं आलं.

एक सडसडीत माणूस बाहेर आला, विमानतळाचा गणवेश, हातात रिकामी व्हीलचेअर.

"उदगीरवाली अम्मा के कौन?"

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"मुनव्वर," त्यानं स्वतःचं नाव सांगितलं. "चलिए, आपको बुला रए. आप अकेली. डरो नक्को, अम्मा ठीक है. पानी पिये, चाय को ना बोले."

तो बिदरचा निघाला. आईला त्यानंच विमानाच्या दारापासून आणलं होतं. म्हणजे व्हीलचेअर तिनं मागितली होती. लंगडी नसताना. माझं एवढं एक तरी तिनं ऐकलं होतं.

खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, एसी इतका की दात वाजावेत. आई खुर्चीवर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली होती. टेबलावर तिची सगळी बॅग उपसून मांडली होती. इरकल साड्या, पोलकी, परकर, काळ्या मसाल्याची पिशवी, गोळ्यांची पाकिटं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, जावयासाठी टॉवेल-टोपी, वाणाचा पितळी दिवा. आणि मधोमध डबा, झाकण काढलेला. पलीकडे युसरा आणि एक थोराड दाढीवाला अधिकारी.

"आलीस?" आई म्हणाली. "बरं झालं. ह्यांना सांग, हे जावयाचं वाण हाय म्हणून. ह्या मुनव्वरला सांगायले तर तो नुसतं हो अम्मा, हो अम्मा करायलाय. आपल्या बाजूचाच हाय तो, बिदरचा. पण ह्यांच्याफुडं तोंड उघडत नाही."

मुनव्वर भिंतीकडे बघत होता.

मी अधिकाऱ्याला सलाम केला आणि पहिल्यापासून सांगितलं. धोंड्याचा महिना अरबीत कसा सांगायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हटलं, आमचं वर्ष कधी कधी एक महिना जास्तीचा घेतं, आणि त्या महिन्यात सासू जावयाचा मान करते. दाढीवाला म्हणाला, दर महिन्याला नाही ना? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, अल्हम्दुलिल्लाह, मला तीन मुली आहेत. युसरा हसली नाही, पण तिनं मान खाली घातली. मग तो उठला, एक अनारसा कागदानं उचलला, उजेडात धरला, बोटानं खसखस खरवडली. फोन लावला. बराच वेळ बोलला. मला मधले मधले शब्द कळत होते. म्हातारी. मुलीनं आधी सांगितलं. खाण्याचं. आणि मग नुसतंच, हो, हो, हो.

"काय म्हणायलाय?" आईनं विचारलं.

"थांब जरा."

"माझ्या म्होरल्या बाया तशाच गेल्या. मागच्याबी गेल्या. कुणाला हात लावला नाही. माझंच कामून काढलं सगळं?" तिनं टेबलाकडे हात केला. "परकरसुद्धा, कमल. परक्या माणसाफुडं."

मुनव्वरनं आता बूट बघायला घेतले.

"मी सांगितलं, आई," मी म्हटलं. "मी बाहेर ह्या मुलीला सांगितलं. त्याच्यावर खसखस आहे म्हणून."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला रागावलेलं मी पुष्कळ बघितलंय, त्याला मला तोंड देता येतं. हे ते नव्हतं. तिनं डब्याकडे पाहिलं, वरच्या पांढऱ्या बाजूकडे, आणि तिचे ओठ हलले. तिला आता दिसली असावी. खसखस.

"मग मला कामून नाही सांगितलं?"

"तुझा फोन बंद होता."

"हां," ती म्हणाली. "बंदच होता."

अधिकाऱ्यानं फोन ठेवला. डबा जप्त, इथंच नष्ट करणार. केस नाही, कारण बाहेर पडायच्या आधी कळवलं. कागदावर माझी सही, आईचा अंगठा किंवा सही. पुन्हा आणलं तर कुणाचं ऐकणार नाही. हे शेवटचं तो माझ्याकडे बघून म्हणाला, मीच आणल्यासारखं. मी सही केली. आईनं तिची सही केली, शा-म-ला, एकेक अक्षर सुटं. युसरानं डब्यावर झाकण ठेवलं आणि उचलायला हात घातला.

"थांब बाई," आई मराठीत म्हणाली. आणि तिनं दोन्ही हात डब्यावर ठेवले, कपाळ त्याला टेकवलं.

दाढीवाल्यानं भुवया वर केल्या. मुनव्वर पहिल्यांदाच त्यांच्यासमोर बोलला. त्यानं आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं, ती त्याचा निरोप घेतेय. युसरा थांबली. आईनं डोकं वर केल्यावरच तिनं डबा उचलला, आणि दोन्ही हातांनी नेला.

कपडे आम्ही दोघींनी भरले. परकर आईनं सगळ्यांत खाली घातले.

बाहेर दिनकर कठडा ओलांडून पुढं आले आणि तिथंच, ट्रॉल्यांच्या मधे, वाकले. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "दिनकरराव, माझे हात रिकामेच हायेत."

"मामी, तुम्ही बाहेर आलात," ते म्हणाले. स्वरा आजीला बिलगली आणि सोडेना.

गाडीत आई पुढं बसली, दिनकरांशी बोलली. रस्ते रुंद हायेत, झाडं कमी हायेत, ही माणसं शुक्रवारी जेवतेत कुठं. माझ्याशी नाही. मी मागून तिचा अंबाडा बघत होते. आमची बिल्डिंग दिसायला लागल्यावर ती समोर बघतच म्हणाली, "त्यांनी बॅग उघडलीच नसती तर?"

"माहीत नाही, आई."

"आन उघडली असती, तू बोलली नसतीस, तर?"

"ते पण माहीत नाही."

"तुला तर सगळंच माहीत असतं म्हणतेत," ती म्हणाली. खोचक होतं. पण बोलली माझ्याशी होती.

घरी येऊन हातपाय धुतल्यावर तिनं उदगीरला फोन लावायला सांगितलं. मी स्पीकरवर लावून दिला आणि कुकर गॅसवर चढवला. तिकडून वहिनी, मुकेश, अक्षरा, सगळे एकदम बोलत होते. आईनं सगळ्यांना गप्प केलं.

"काही झालं नाही. खुर्ची दिली, पाणी दिलं. चहाबी देणार होते. आन पकडून कोणी दिलं म्हणतीस? कमलनं. पोटच्या पोरीनं." ती हसली. पहिल्यांदा खोटं हसली, मग खरं. "अगं पण खरं सांगू का, त्या पोरीनं डब्याकडं बघितलं का नाही बघितलं, तवर माझ्या तोंडात आलंच होतं, घे बाई, एक खाऊन बघ."

दिनकरांनी ओट्यापाशी माझ्याकडे बघितलं. मी ओट्यावर काढून ठेवलेल्या वाटाण्यांकडे बघितलं.

वहिनीनं काहीतरी विचारलं. "नाही गं," आई म्हणाली. "आता नाही करायचे. तांदूळ हितं मिळतेत, गूळ मिळतो, पण वाण घरातून एकदाच निघतं. जावयाला धोंडे घालते जेवायला. नशिबात असलं तर फुडच्या वेळी." मग जरा थांबून, आवाज खाली करून, जणू मला ऐकू येणार नव्हतं, "हाय की. हितंच हाय. सकाळधरनं बसली नाही म्हणं. नुसती येरझारा मारायलीय. हे घे, बोल तिच्याशी."

तिनं फोन माझ्याकडे धरला आणि दुसऱ्या हातानं सोफ्यावर शेजारची जागा थोपटली.

"बस गं बाई आता."

मी बसले. तेवढ्यात कुकरनं शिट्टी दिली, म्हणून परत उठले.